बाटलीतले चंदन कोणाचे?

चंदन म्हणजे काय, हे मराठी माणसाला कोणी सांगावे लागत नाही असा आपल्या सर्वांचा ठाम समज आहे. देवघरातली सहाण, तिच्यावर फिरणारे खोड, आजोबांच्या कपाळावरचे गंध, दिवाळीच्या पहाटेचे उटणे आणि चंदनाचा साबण, या सगळ्यांतून तो वास लहानपणीच आपल्या नाकात मुरलेला असतो. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत विठुरायाला चंदनाची उटी लावतात. कोणी थोर माणूस गेला की 'ते समाजासाठी चंदनासारखे झिजले' हे वाक्य मृत्युलेखात हमखास येते. भाषेत, देवघरात आणि न्हाणीघरात एकाच वेळी इतके घर करून बसलेले झाड क्वचितच सापडेल.

आणि म्हणूनच चंदनाच्या नावावर आपल्याला फसवणे सर्वांत सोपे आहे! जिथे श्रद्धा आणि आठवण एकत्र येतात तिथे माणूस लेबल वाचत नाही. स्मरणिकेच्या गोड फराळात हा जरा कडू घोट आहे, पण वाचकहो, तो घ्याच.

आपल्या इथल्या दिवाळी मेळाव्यात, इंडियन स्टोअरच्या गल्ल्याशेजारी, कधी एखाद्या ब्युटी पार्लरच्या काउंटरवर एक छोटी बाटली दिसते. दहा मिलिलिटर, किंमत सात-आठ डॉलर. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत '१०० टक्के शुद्ध चंदन तेल', शेजारी कमळ नाहीतर गणपती. मागच्या बाजूला झाडाचे नाव नाही, देशाचे नाव नाही, घटकांची यादी नाही. माझे म्हणणे सरळ आहे. अशी बाटली आपण विकत घेऊ नये, देवापुढे ठेवू नये, मुलाबाळांच्या अंगाला लावू नये आणि आपल्या मंडळाच्या छपराखाली तिला टेबलही देऊ नये. उमेदीची बरीच वर्षे तेल-साबणाच्या धंद्यात काढल्यावर हे बोलतो आहे, आणि कारणे एकेक करून सांगतो.

पहिले कारण साध्या हिशेबाचे. चंदनाचे तेल झाडाच्या सालीत किंवा पानांत नसते. ते असते खोडाच्या आतल्या गाभ्यात आणि मुळांत. मुळांत तर सर्वांत जास्त, म्हणून चंदनाचे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. गाभा तयार व्हायलाच वर्षे लागतात. नैसर्गिक वाढीच्या झाडाला चांगला गाभा धरायला तीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ जातो. मग त्या लाकडाचा भुगा करून त्यातून वाफ सोडायची, तीही तास-दोन तास नव्हे, दोन-तीन दिवस. एवढे करून शंभर किलो गाभ्यातून जेमतेम तीन ते सहा किलो तेल हाती लागते. अशा तेलाचा ठोक भाव किलोला हजारो डॉलर असतो. आपण हात आखडता घेऊन किलोला दोन हजारच डॉलर धरू. दहा मिलिलिटर तेलाचे वजन पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या तेलाचेच साधारण एकोणीस-वीस डॉलर झाले. त्यावर बाटली, बूच, छपाई, जहाज, दुकानाचे भाडे आणि विकणाऱ्याचा नफा. आता सांगा, आठ डॉलरच्या बाटलीत काय असेल? ज्याला भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस करण्याचा अनुभव आहे, त्याला हे गणित अवघड जाऊ नये.

दुसरे कारण चंदनाच्या इतिहासात आहे. आपल्या मनातले चंदन मुख्यतः म्हैसूरकडचे. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदन हे 'राजवृक्ष' जाहीर केले आणि झाडावरची मालकी सरकारकडे गेली. पुढे म्हैसूर संस्थानातले लाकूड जर्मनीला जाई आणि तिथे तेल निघे. पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मनीचा रस्ता बंद झाला आणि लाकूड पडून राहिले. तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राज्यात, दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत, १९१६ साली म्हैसूरला तेलाचा सरकारी कारखाना उभा राहिला. हे विश्वेश्वरय्या म्हणजे पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे, तेव्हा ते आपल्यालाही परके नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेल काढण्याचे प्रयोग झाले, सोसले गरळपुरी शास्त्री साबणाचे तंत्र शिकायला इंग्लंडला गेले, आणि १९१८ साली म्हैसूर सँडल साबण बाजारात आला. आपला कच्चा माल, आपले शास्त्र, आपला कारखाना. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण तिची दुसरी बाजूही आहे. झाड सरकारचे असल्यामुळे स्वतःच्या शेतात उगवलेल्या चंदनाचा शेतकऱ्याला फायदा कमी आणि ताप जास्त. चोरी झाली तर चौकशी त्याचीच. मग रोप दिसले की उपटून टाकणे शहाणपणाचे ठरले. त्यात 'स्पाइक' नावाच्या रोगाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाडे मारली आणि उरलेली चोरांनी तोडली. वीरप्पन हे नाव आपल्या पिढीला विसरता येणार नाही. २००४ साली तो मारला गेला, पण तोवर सत्यमंगलमच्या जंगलातली किती झाडे गेली त्याला हिशेब नाही. कर्नाटकाने २००१ साली आणि तमिळनाडूने २००२ साली कायदे बदलून झाडाची मालकी जमीनमालकाला दिली, तेव्हा कुठे लोक लागवडीकडे वळले. आज हे झाड जागतिक पातळीवरच्या यादीत 'असुरक्षित' गणले जाते. पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकांना विचारा. बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातली चंदनाची झाडे रातोरात करवतीने कापून नेल्याच्या बातम्या त्यांना नवीन नाहीत. ज्या झाडासाठी चोर रखवालदाराच्या अंगावर जातात, त्याचे शुद्ध तेल जगभरच्या मेळाव्यांत आठ डॉलरला वाटेल तेवढे मिळते, यावर आपण विश्वास तरी कसा ठेवतो?

मग त्या बाटलीत असते काय? शक्यता बऱ्याच आहेत, आणि त्या सगळ्यांना बाजार 'चंदन' या एकाच नावाने हाक मारतो.

अस्सल भारतीय चंदनाचे शास्त्रीय नाव सँटॅलम आल्बम. त्याच्या तेलाचा आत्मा म्हणजे अल्फा-सँटॅलॉल आणि बीटा-सँटॅलॉल ही दोन द्रव्ये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पहिले ४१ ते ५५ टक्के आणि दुसरे १६ ते २४ टक्के असायला हवे. 'वेस्ट इंडियन सँडलवुड' या भारदस्त नावाने विकले जाते ते अमायरिस नावाच्या, लिंबाच्या कुळातल्या झाडाचे तेल. ते हैतीकडून येते आणि चंदनाशी त्याचे दूरचेही नाते नाही. 'आफ्रिकन सँडलवुड' म्हणजे ऑसिरिस. त्याचीही इतकी तोड झाली की पूर्व आफ्रिकेतल्या काही देशांमधल्या या झाडाच्या व्यापारावर २०१३ साली आंतरराष्ट्रीय बंधने आली. रक्तचंदन तर वेगळ्याच कुळातले, शेंगा धरणारे झाड. त्याला लाल रंग आहे, सुगंध नाही. तरीही 'चंदन पावडर' म्हणून त्याचा भुसा, त्यावर वास शिंपडून, पाकिटातून विकला जातो. आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे झाडच नसलेला: कारखान्यात बनवलेले सुगंधी रसायन, पातळ करायला डायइथाइल थॅलेट किंवा लिक्विड पॅराफिन, वर पिवळसर छटा, झाले शुद्ध चंदन तेल! कनौजच्या नामांकित अत्तरवाल्यांनीसुद्धा चंदनतेल परवडेनासे झाल्यावर अत्तराचा आधार म्हणून पॅराफिन आणि इतर द्रावणे वापरायला सुरुवात केली. मग नाव-गाव नसलेल्या बाटलीवाल्याची काय कथा!

आता आपल्या पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे येऊ, कारण इथे राहून चंदनाबद्दल गाफील राहणे आपल्याला शोभत नाही. आपण ज्या राज्यात घरे बांधली ते राज्य चंदनाच्या व्यापारावर उभे राहिलेल्यांपैकी आहे. १८४० च्या दशकापासून इथले चंदन फ्रीमँटलहून आशियाकडे जाऊ लागले आणि चीनमध्ये देवापुढे जळणाऱ्या उदबत्त्यांत संपू लागले. हे झाड सँटॅलम स्पिकॅटम, आपल्या चंदनाचे चुलत भावंड. इथल्या मूळ रहिवाशांना त्याच्या बिया वसाहतवाल्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. गोल्डफील्ड्सच्या कोरड्या रानात हे झाड इतके सावकाश वाढते की तोडण्याजोगे व्हायला पन्नास-शंभर वर्षे लागतात. १९२९ सालीच तोडीवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. त्याच्या बिया जमिनीत पुरून ठेवणारा वॉयली नावाचा छोटा प्राणी रानातून जवळपास नाहीसा झाला, आणि बी पेरणाराच गेल्यावर नवीन रोपेही दुर्मीळ झाली. आपण सुटीत वेव्ह रॉक पाहायला जातो तेव्हा वाटेतल्या झुडपांकडे जरा या नजरेने पाहा.

आणि आपले ते भारतीय सँटॅलम आल्बम? तेही इथे आहे. याच राज्याच्या उत्तर टोकाला, कुनुनराजवळ ऑर्ड नदीच्या कालव्यांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची मोठी लागवड झाली. पर्थपासून रस्त्याने तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर, पण राज्य एकच. चंदन हे अर्धे परोपजीवी झाड आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढून घेतात. त्यामुळे शेजारी सोबतीची झाडे लावून ही शेती करावी लागली. तेल काढण्याचे काम दक्षिणेला आल्बनीत होऊ लागले. धंद्याची गणिते मात्र कागदाइतकी सोपी निघाली नाहीत, आणि या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी २०१८ च्या जानेवारीत प्रशासकांच्या हाती गेली. भरपूर पाणी, भरपूर भांडवल आणि निष्णात शास्त्रज्ञ दिमतीला असूनही चंदन स्वस्त करता आले नाही, हा यातला धडा आहे. जे कुनुनराला जमले नाही ते मेळाव्यातल्या आठ डॉलरच्या बाटलीला कसे जमले?

मी हे बोललो की मंडळी काही ठरावीक मुद्दे मांडतात. त्यांना उत्तर द्यायलाच हवे.

पहिला मुद्दा: "अहो, वास आला म्हणजे झाले!" नाही झाले. खऱ्या चंदनतेलाचा वास भपकन अंगावर येत नाही. तो मऊ, दुधाळ, जरासा दबका असतो आणि कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकला तर कित्येक दिवस मंद दरवळत राहतो. झाकण उघडताच खोली भरून टाकणाऱ्या तेलाबद्दल म्हणूनच शंका घ्यावी. पण फक्त नाकावर विसंबूनही चालत नाही. चंदनातली काही द्रव्ये काही माणसांना मुळीच जाणवत नाहीत, आणि चांगली कृत्रिम द्रव्येही दिवसेंदिवस टिकतात. कागदावर डाग पडतो का, पाण्यावर तवंग कसा येतो, असल्या घरगुती परीक्षांनी काहीही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा गॅस क्रोमॅटोग्राफीची. ती प्रयोगशाळेत होते आणि इमानी विक्रेता आपल्या मालाच्या प्रत्येक खेपेचा अहवाल मागितल्यावर दाखवतो.

दुसरा मुद्दा: "म्हणजे कृत्रिम ते सगळे वाईट?" मुळीच नाही, आणि इथे मला शुद्धतेच्या कट्टर भक्तांशीही भांडायचे आहे. आज जगात चंदनाचा म्हणून जो वास आपण घेतो त्यातला बराचसा सँडलोर, जावानॉल, पॉलिसँटॉल अशा द्रव्यांचा असतो. १९८९ साली गेर्लँ या फ्रेंच अत्तरवाल्यांनी 'सामसारा' नावाचे अत्तर काढले. नाव आपल्याच 'संसार' शब्दावरून. त्यात खऱ्या चंदनाबरोबर कृत्रिम चंदनही होते, आणि ते लपवायची कोणाला गरज वाटली नाही. अलीकडे तर आंबवण्याच्या प्रक्रियेने सूक्ष्म जीवांकडून सँटॅलॉल बनवून घेतात, तेही बाजारात आले आहे. एक झाड वाचते, वास मिळतो, किंमत परवडते. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. माझा राग कृत्रिम द्रव्यावर नाही. कृत्रिम द्रव्य भरून वर 'शुद्ध' लिहिण्यावर आहे. वनस्पती तूप खाण्यात कमीपणा नाही, पण ते साजूक म्हणून वाढणाऱ्याला आपण पंक्तीतून उठवू की नाही?

तिसरा मुद्दा सर्वांत धोक्याचा: "नैसर्गिकच आहे ना, अपाय काय होणार?" मागच्या एका दिवाळीत आमच्या ओळखीच्या एका घरात असलीच बाटली आली. सहा वर्षांच्या नातीला अभ्यंगाच्या वेळी मानेला आणि पाठीला तेल चोळले. संध्याकाळपर्यंत मानेवर लाल चट्टे आणि खाज. फराळाच्या ताटावरून उठून डॉक्टर गाठावा लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तेलात काय काय आहे?" बाटली पुढे केली, तर तिच्यावर सोनेरी गणपतीखेरीज वाचण्यासारखे काही नव्हते! पोरगी आठवड्याभरात बरी झाली, पण कशाने झाले याचा पत्ता लागला नाही, कारण लागणारच नव्हता.

इथे आजीचे गंध आणि बाटलीतले तेल यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून खोड फिरवले की लाकडाचा अगदी थोडा अंश उगाळला जातो, आणि त्यातले तेलही बहुतेक लाकडाच्या कणांतच राहते. उलट बाटलीतल्या खऱ्या तेलाच्या एका थेंबात साधारण एक ग्रॅम गाभ्याचा सारा अर्क उतरलेला असतो. आजीने आयुष्यात कोणाच्या कपाळाला असले काही लावले नव्हते. 'आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लावतात' हा दाखला म्हणूनच तेलाला लागू पडत नाही. पिढ्यान् पिढ्या लावले ते गंध, हे ऊर्ध्वपातन केलेले तेल नव्हे.

खरे चंदनतेलसुद्धा काही जणांच्या त्वचेला सोसत नाही. इथल्या स्पिकॅटम जातीच्या तेलात फार्नेसॉल नावाचे द्रव्य असते. ते काहींना ॲलर्जी करते, म्हणून युरोपात लेबलवर त्याचा वेगळा उल्लेख करावा लागतो. म्हणून तेल कधीही निव्वळ लावू नये. तीस मिलिलिटर बदाम किंवा खोबरेल तेलात पाच-सहा थेंब, म्हणजे एक टक्का, चेहऱ्याला पुरे होतात. त्याआधी ते मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. तान्ह्या मुलांना लावूच नये. आणि पोटात तर अजिबात घेऊ नये.

गुणांबद्दलही खरे तेवढेच बोलावे. चंदनतेलात सूज कमी करण्याचे आणि काही जंतूंना आवर घालण्याचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, मुरमांवर आणि इसबावर छोट्या चाचण्याही झाल्या आहेत. २०१४ साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की त्वचेच्या पेशींतही वास ओळखणारा एक ग्राहक असतो, आणि चंदनाच्या वासाच्या एका द्रव्याने तो जागा झाला की प्रयोगशाळेतल्या पेशी जखम लवकर भरतात. ही बातमी तेव्हा 'चंदनाने जखमा भरतात' अशी जगभर फिरली. पण गंमत अशी की ते द्रव्य होते सँडलोर, म्हणजे कारखान्यात बनलेले! शुद्ध नैसर्गिक तेल विकणारे लोक कृत्रिम द्रव्यावरच्या प्रयोगाचा दाखला देतात, याला काय म्हणावे? औषध म्हणून चंदनतेलाची कारकीर्दही होऊन गेली आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात परम्यासारख्या रोगावर त्याच्या कॅप्सूल देत. प्रतिजैविके आली आणि ती बंद झाली. याचा अर्थ चंदन वाईट असा नाही. सुगंधी तेल म्हणून ते उत्तमच आहे, पण डॉक्टरांनी दिलेल्या मलमाची जागा ते घेऊ शकत नाही.

राहता राहिला 'रंग उजळतो' हा दावा. लेकीबाळींना गोरे करण्याचे आमिष दाखवून तेल विकायचे, तेही जिथे आपल्या मुली काळ्या-गोऱ्याचे टोमणे ऐकून मोठ्या होतात अशा देशात, ही गोष्ट मला चंदनाच्या भेसळीपेक्षाही जास्त खटकते. असल्या बाटलीला आपल्या घरात जागा नसावी, मग आत खरे तेल असो वा खोटे.

चौथा मुद्दा मात्र मनाला लागणारा आहे: "स्टॉल लावतात त्या आपल्याच ताई-वहिनी. घर सांभाळून चार पैसे मिळवतात. त्यांच्या पोटावर का पाय देता?" मी पाय देत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकींची फसवणूकच झालेली असते. कोणा घाऊक व्यापाऱ्याने सांगितले 'शुद्ध', त्यांनी विश्वास ठेवला. पण या देशात सौंदर्यप्रसाधनावर घटकांची यादी असणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि 'इसब बरा करते', 'सोरायसिसवर गुणकारी' असे म्हटले की ते प्रसाधन राहत नाही, औषध ठरते, आणि त्याची सरकारी नोंद लागते. उद्या एखाद्या मुलाला मोठा अपाय झाला तर तो घाऊक व्यापारी सापडणार नाही. सापडतील त्या आपल्या वहिनी आणि त्यांना टेबल देणारे आपले मंडळ. तेव्हा नियम करणे हे त्यांच्या विरुद्ध नाही, त्यांच्याच बचावाचे आहे.

म्हणून येत्या मेळाव्याआधी मंडळाच्या कार्यकारिणीने एक छोटा ठराव करावा अशी माझी जाहीर मागणी आहे. चंदनाचे म्हणून जे काही आपल्या मेळाव्यात विकले जाईल त्यावर झाडाचे शास्त्रीय नाव असावे, माल कोणत्या देशातला ते असावे, कशात किती प्रमाणात मिसळले ते असावे आणि वास कृत्रिम असल्यास तसे स्पष्ट लिहिलेले असावे. एवढे नसेल तर ती वस्तू टेबलावर येऊ नये. याला पैसे लागत नाहीत, समिती लागत नाही. टेबलाचे भाडे घेताना पावतीबरोबर एक कागद द्यायचा आहे. जो इमानदार आहे त्याला याचा त्रास होणार नाही, उलट त्याचा माल उठून दिसेल. पाच डॉलरची 'चंदनाच्या वासाची' बाटली, तसे लिहून, खुशाल विकावी. मी स्वतः घेईन.

आणि घरी आपण काय करायचे? कमी घ्यायचे आणि विचारून घ्यायचे. बाटली उलटी करून मागची बाजू वाचायची. नुसते 'सँडलवुड' एवढेच असेल तर विचारायचे, कोणते? 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असे असेल तर तो कृत्रिम वास आहे असे धरून चालायचे आणि तशीच किंमत द्यायची. साबणावर फार आशा ठेवायची नाही. तो दोन मिनिटांत धुऊन जातो, त्यातून मिळतो तो आनंद, औषध नव्हे. उटण्यात चंदन परवडत नसेल तर नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या यांनीही अंग सुगंधी होते. खऱ्या लाकडाचे खोड भारतातून आणायचा विचार असेल तर आधी नियम पाहायचे. चंदनाच्या लाकडाच्या निर्यातीवर भारत सरकारचे निर्बंध आहेत, आणि इथला जैवसुरक्षा विभागही लाकडाकडे बारीक नजरेने पाहतो.

काही जण म्हणतील, देवाला तरी चंदन हवेच ना? आपल्या पूजाविधीने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. वस्त्र नसेल, अलंकार नसतील, जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, आणि वाहताना त्या वस्तूऐवजी अक्षता वाहतो आहोत असे म्हणूनच वाहाव्यात. नाही ते नाही म्हणण्याची लाज आपल्या पूर्वजांना देवापुढेही वाटली नाही. नसलेल्या वस्तूचे नाव देऊन भलतेच काही पुढे करावे, असे त्यांनी कुठेही सांगितलेले नाही.

आपली मुले हा विधी आपल्याकडे पाहूनच शिकणार आहेत. ती इंग्रजीत शिकलेली आहेत आणि लेबल वाचतात. एखादे दिवशी तुमची मुलगी विचारेल, "आई, या बाटलीत खरंच चंदन आहे का?" तिला उत्तर देता येईल अशीच बाटली घरात ठेवा. नसेल तर चार अक्षता पुरतात.